ते या अभ्यासात येत नाही

पराते मॅडमचं काम टाइप करायला घेतलं की आधी दुकानातला पंखा बंद करावा लागायचा. मे महिना असला तरी. पंख्याच्या आवाजात रेकॉर्डिंगमधला माणूस कुठे थांबला ते कळत नाही, आणि मॅडमना माणूस काय बोलला यापेक्षा तो कुठे थांबला यात जास्त रस. "शब्द शिकवलेले असतात," त्या म्हणायच्या. "थांबणं कोणी शिकवत नाही. तेवढं नीट टिपत जा वं." म्हणून मी घाम पुसत पुसत कंसात (शांतता), (खोकला), (हसू) असं टाइप करत जायची.

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान नागपुरात सक्करदरा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, अर्ज, प्रबंध, सगळं होतं. प्रबंध टाइप करणाऱ्या बाईला प्रबंध कळावा लागत नाही, तो वेळेवर द्यावा लागतो. पण मॅडमनी पहिल्याच दिवशी स्टुलावर बसून विषय समजावून सांगितला. संन्यास घेतलेल्या माणसाच्या 'मी'चं काय होतं, हा विषय. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हातानं करतो, पिंड ठेवतो, जुनं नाव सोडतो. धर्मशास्त्राच्या लेखी तो माणूस तिथं संपला. मानसशास्त्राच्या लेखी असं कोणी संपत नसतं.

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी दात कोण घासतं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "मॅडम, पहिला चॅप्टर कधीपर्यंत पाहिजे?"

त्या हेल्मेट घालूनच हसल्या. आमचं तिथून जमलं.

हेल्मेट त्या स्कूटीवरून उतरल्यावर लगेच काढत नसत. बोलणं महत्त्वाचं असलं की विसरून जात. ठेंगण्या, जाड चष्मा, उजवा गुडघा कायम दुखरा. मूळच्या उमरेडच्या, वडील हातमागावर लुगडी विणायचे. स्वतः एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि केस पिकल्यावर तत्त्वज्ञानात दुसरं एम.ए. करून बसल्या होत्या. दुकानात आलेल्या अनोळखी बाईचा पदर दोन बोटांत धरून "पॉवरलूम" म्हणायच्या आणि सोडून द्यायच्या. बायका रागानं माझ्याकडे बघायच्या. मी झेरॉक्स मशीनकडे बघायची.

आणि एक सवय. समोरचा काहीही बोलला की त्या विचारायच्या, "कोणाला?"

आमचे हे एकदा वीजबिलाच्या रांगेत उभे राहून आले आणि म्हणाले, "बाप्पा, लय त्रास झाला आज."

"कोणाला?" मॅडम.

"मले झाला ना मॅडम! अजून कोणाले होईन?"

"नक्की? नीट बघून सांगा, मनोहरराव."

ह्यांनी खरंच क्षणभर स्वतःच्या पोटाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "ही बाई दुकानात आली का मले आधी फोन करत जा."

तरी ह्यांच्यामुळेच मॅडमचा एक प्रश्न सुधारला. संन्याशांना विचारायच्या प्रश्नांत एक प्रश्न असा होता: गर्दीत कोणी तुमचं जुनं नाव घेतलं तर मान वळते का? सगळे संन्यासी "नाही" म्हणत. मॅडमना ते पटत नव्हतं आणि खोटंही वाटत नव्हतं. लहानपणी ह्यांना घरी गेंदा म्हणत. आई गेल्यापासून कोणी म्हणत नाही. हे म्हणाले, "आता कोणी गेंदा म्हटलं तं आपल्याले फरकच पडत नाही." पुढच्या बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारात हे टमाटे निवडत होते तेव्हा मॅडम मागून ओरडल्या, "ए गेंदा!" मी शेजारी उभी होते. ह्यांची मान वळली नाही. टमाट्यावरचा हात मात्र तसाच थांबला, आणि बराच वेळ थांबला. मग ह्यांनी एकदम घाईनं टमाटे पिशवीत टाकले, त्यात दोन सडके.

मॅडम खुशीत दुकानावर आल्या. "मान नाही वळली. हात थांबला. सुषमा, प्रश्न बदलायचा." तेव्हापासून मान वळते का, या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न आला: अंगात कुठे काही थांबतं का? आमचे हे त्या रात्री नीट जेवले नाहीत. मॅडमना ते सांगितलं तर त्यांनी तेही टिपून घेतलं.

त्यांचं काम धड कोणाच्याच हद्दीत बसत नव्हतं. विद्यापीठात त्यांनी प्रगती सादर केली तेव्हा प्रोजेक्टरवर चित्रं बदलायला मी गेले होते. संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "आत्मश्राद्ध झाल्यावर तिथं 'मी' उरतच नाही. तुम्ही मुलाखत कोणाची घेता?" मानसशास्त्राच्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "हे सगळं दडपलेलं असतं. तुमचं मोजमाप कुठे आहे?" मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं आणि एका म्हाताऱ्या स्वामींचं रेकॉर्डिंग लावलं. ते स्वामी तासभर स्वतःला 'हा देह' म्हणत होते. या देहाला भूक नाही, या देहाला नातं नाही. मुलाखत संपली, मॅडम उठल्या, रेकॉर्डर चालूच होता. मागून स्वामी घाईनं म्हणाले, "त्या फाटकातून जाऊ नका बरं. तिकडचं कुत्रं चावतं. मला चावलं होतं."

सभागृह हसलं. संस्कृतचे प्राध्यापक हसले नाहीत, तज्ज्ञ बाईही नाहीत.

"ते संपलेही नाहीत आणि दडपलेलेही नाहीत," मॅडम म्हणाल्या. "ते कुत्र्याच्या फाटकापाशी उभे आहेत. मला तेवढंच नीट लिहायचं आहे."

दोघांनीही आपापल्या शेऱ्यात लिहिलं की हा विषय आमच्या विभागाचा नाही.

नियमांच्या बाबतीत त्या कडक. माझे एक मामा उतारवयात संन्यास घेऊन पारशिवनीकडे एका मठात राहतात. मी म्हटलं, घ्या त्यांची मुलाखत, आयता माणूस आहे. मॅडम म्हणाल्या, "ओळखीच्या माणसाची घ्यायची नाही. मग आपल्याला पाहिजे ते ऐकू येतं."

"तुमची कुठे ओळख आहे त्यांच्याशी?"

"मी तुझ्या हातचा चहा पिते ना? झाली ओळख."

गुडघ्यामुळे लांब गाडी चालवणं त्यांना जमत नसे, म्हणून रविवारी त्यांना मठांमध्ये न्यायचं काम मुलाकडे होतं. अनिकेत. एकुलता एक, इंजिनीअर, बाप अटॅकनं गेलेला. उंच, सावळा, कामाचा मुलगा. माझा प्रिंटर त्यानं दोनदा दुरुस्त करून दिला होता. आईला मोटारसायकलवर मागे बसवून कुही, पारशिवनी, मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंत न्यायचा आणि मुलाखत संपेपर्यंत बाहेर झाडाखाली मोबाइल बघत बसायचा. परत येताना दोघं दुकानावर थांबत. तो आईला सल्ले द्यायचा. "आई, तू त्यांना 'देहभान' वगैरे विचारते ना, ते पाठ केलेलं सांगतात. थंडी वाजते तेव्हा कोणाला वाजते, असं विचार. बघ कसे अडकतात." मॅडमनी तो प्रश्न जसाच्या तसा घेतला.

पुढे तो झाडाखाली बसायचा बंद झाला. एका स्वामींनी त्याला आत बोलावलं, ऊन आहे म्हणून. मग तो आत बसू लागला. मग "आई, तू रिक्षानं जा, मी थांबतो थोडा," असं झालं. मग आईची मुलाखत नसतानाही तो जाऊ लागला. हे मला दुकानातून कळत होतं, कारण मॅडमची स्कूटी आता एकटी येत होती. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "त्याला चांगलं वाटतंय तिथं." मी वाट बघितली, पण या वेळी त्यांनी "कोणाला" विचारलं नाही.

शेवटी अनिकेतनं संन्यासाची दीक्षा घेतली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला टाइप केलेली पानं द्यायची होती. घरी गेले तर उमरेडहून त्यांचे मोठे भाऊ आलेले. मॅडम पलंगाच्या कडेला, भाऊ उभे.

"तूच नेलं त्याले तिकडं," ते म्हणत होते. "गाडीवर मागं बसून गेली, अन् गाडी चालवणाराच तिथं सोडून आली."

"हो, दादा."

"हो काय हो? स्वतःचं श्राद्ध करून मोकळा झाला तो. भाऊजीचं आता कोण करीन?"

"मी करीन."

"बाया करतात का?"

"गेलेला माणूस बघायला येतो का, कोणी केलं म्हणून?"

भाऊ खाली बसले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "भांड ना वं माह्याशी. रड तरी. काही तं कर. अशी काहून बसून राहिली?"

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या, जसं परीक्षेत आपल्याला न येणाऱ्या प्रश्नाकडे बघतात. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुषमा, पानं आणली का?"

त्या मठाचा नियम असा की दीक्षेनंतर बारा वर्षं घरच्यांशी भेट नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही. आणि त्याला लवकरच नर्मदेकाठच्या दुसऱ्या शाखेत पाठवलं, जिथं मॅडमना कोणी ओळखत नव्हतं. मी व्यवहारी बाई आहे. मी म्हटलं, मॅडम, हा विषय सोडा, दुसरा घ्या, शाळकरी मुलांचा अभ्यास वगैरे. त्या म्हणाल्या, "सोडला तर तो परत येतो का?" हे आता मॅडम आल्या की उठून त्यांना खुर्ची देत आणि आतल्या खोलीत जाऊन बसत.

कामाचा दुसरा टप्पा दोनेक वर्षांनी आला, नव्यानं दीक्षा घेतलेल्यांच्या मुलाखतींचा. मॅडमनी बऱ्याच मठांना विनंती पाठवली, खाली स्वतःचं नाव घातलं. नाव माहेरचं, कारण सगळ्या पदव्या त्याच नावावर. नर्मदेकाठच्या शाखेलाही विनंती गेली. ती वगळायला हवी होती का, यावर त्या काही बोलल्या नाहीत आणि पाकिटं मीच चिकटवली.

फोन आला तेव्हा त्या दुकानातच होत्या. मठाचे व्यवस्थापक मोठ्यानं बोलणारे होते, मलाही ऐकू येत होतं. "मॅडमजी, एक तरुण स्वामी तयार आहेत. आपणहून म्हणाले. पूर्वाश्रमी नागपूरकडचेच. इंजिनीअर होते म्हणे."

मॅडमनी तारीख घेतली, आभार मानले, फोन पर्समध्ये ठेवला. हेल्मेट घातलं.

मी म्हटलं, "मॅडम, ओळखीच्या माणसाची घ्यायची नसते ना?"

"त्यानं आत्मश्राद्ध केलंय वं," त्या म्हणाल्या. "शास्त्राप्रमाणे ज्याला मी ओळखत होते तो आता नाही."

"आणि मानसशास्त्राप्रमाणे?"

त्या हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. बराच वेळ लावत होत्या. "मानसशास्त्राला कोण विचारतंय," म्हणाल्या आणि गेल्या. इतकी वर्षं ज्या दोन शास्त्रांच्या मधे त्या उभ्या राहिल्या, त्यातलं एक त्यांनी त्या दिवशी सोयीनं पकडलं. मला त्यात काही चूक वाटली नाही. मी असते तर शास्त्रच विचारलं नसतं.

चार दिवसांनी रेकॉर्डिंग टाइप करायला माझ्याकडे आलं. मी पंखा बंद केला.

आधी मॅडमचा आवाज, नेहमीचाच. सगळ्यांना वाचून दाखवतात तो मजकूर: तुमचं नाव कुठेही येणार नाही, एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकता, कारण सांगावं लागणार नाही. कळलं का? मग त्याचा आवाज, "कळलं, मॅडम." आवाज थोडा खाली गेलेला. मागे कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज आणि कावळे.

सकाळी उठल्यावर पहिली जाणीव कशाची होते? घंटेची. मग थंडीची. नदीमुळे इथं फार थंडी असते.

"थंडी वाजते तेव्हा कोणाला वाजते?"

(हसू.) "हा प्रश्न अजून तसाच आहे का?"

"हो. तुम्ही उत्तर द्या."

त्यानं उत्तर दिलं. चांगलं दिलं. पाठ केलेलं नव्हतं. म्हणाला, पहिल्या हिवाळ्यात थंडीचा राग यायचा, दुसऱ्या हिवाळ्यात राग गेला, थंडी राहिली. राग ज्याला येत होता तो बहुतेक रागाबरोबर गेला असावा, पण खात्री नाही. मला यातलं सगळं कळलं असं नाही. पण इतक्या संन्याशांचं टाइप केल्यावर एवढं कळतं की हा खोटं बोलत नव्हता आणि दुःखीही नव्हता. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पुढे जुन्या नावाचा प्रश्न आला. मान वळते का?

"नाही. वळत नाही."

"अंगात कुठे काही थांबतं का?"

मी (शांतता) टाइप केलं. मग वाट बघितली. कावळा ओरडला, भांड्यांचा आवाज थांबला, कोणीतरी लांबून कोणाला हाक मारली. तरी ती शांतता संपेना. शेवटी तो म्हणाला, "पुढचा प्रश्न घ्या, मॅडम."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न घेतला.

सगळ्यांना शेवटी विचारतात तसं त्यांनी त्यालाही विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं आहे?"

"गुडघा कसा आहे?"

इथं मॅडम थांबल्या. इतक्या वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न विचारणारी बाई थांबल्याचं मी पहिल्यांदा टाइप केलं. मग त्यांचा आवाज आला, वर्गातल्यासारखा.

"ते या अभ्यासात येत नाही."

"बरं," तो म्हणाला. मग खटका, आणि रेकॉर्डिंग संपलं.

मी ते पूर्ण टाइप केलं, कंसांसकट. मॅडम पानं न्यायला आल्या. पानं पर्समध्ये ठेवताना त्यांनी एकदा वरून हात फिरवला, पदर बघतात तसा, दोन बोटांनी.

पंधरवडाभर त्या बऱ्या दिसल्या. मला दिवाळीचा चिवडा आणून दिला. आमच्या ह्यांना "काय गेंदालाल" म्हणाल्या आणि हे चक्क हसले. कामाचा तिसरा टप्पाही असतो, सहा महिन्यांनी त्याच माणसांना पुन्हा भेटायचं असतं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मला माहीत होतं. मीच तो आराखडा टाइप केला होता.

मग पुन्हा व्यवस्थापकांचा फोन. तोच मोठा आवाज. "मॅडमजी, स्वामीजींनी सांगितलंय की त्यांना माघार घ्यायची आहे. मुलाखत वापरू नये, ठेवूही नये. चालेल ना?"

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "कळवल्याबद्दल आभारी आहे."

"अहो, विचारा तर," मी हातानं खुणा करत होते. "काहून म्हणून विचारा!"

त्यांनी फोन ठेवला. "कारण विचारायचं नसतं. मीच वाचून दाखवलं होतं त्याला."

"पण तुमचा मुलगा आहे तो!"

"मुलाला भेटायला गेले नव्हते ना मी. अभ्यासातल्या सहभागीला भेटायला गेले होते. मग सहभागीचा हक्क त्याला द्यायला नको?"

आतून हे बाहेर आले. "त्याच्या गुरूनं सांगितलं अशीन त्याले," ह्यांनी अंदाज केला. मी म्हटलं, नाही, आईचं काम नियमाबाहेर जाऊ नये म्हणून त्यानंच केलं असेल, घरच्या माणसाची मुलाखत कोणाच्या लक्षात आली तर सगळा अभ्यास बाद होईल. मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं, त्या सभागृहात ऐकलं होतं तसंच.

"अंदाज करू नका," त्या म्हणाल्या. "माहीत नाही, एवढंच खरं आहे. आणि आता कळायची सोय नाही."

मग त्यांनी पर्समधून रेकॉर्डर काढला आणि माझ्यासमोर ते रेकॉर्डिंग पुसलं. टाइप केलेली पानं माझ्या कागद फाडायच्या मशीनमध्ये एक एक करून घातली. मला म्हणाल्या, "तुझ्या कॉम्प्युटरवरचंही काढ. रिसायकल बिनमधूनही."

मी माऊस हातात घेतला. काढलं नाही. "एकदा ऐकून तर घ्या," मी म्हटलं. "मी शटर खाली करते. कोणाला कळणार आहे?"

या वेळीही त्यांनी "कोणाला" विचारलं नाही. "माघार घेतल्यावर ऐकणंही बरोबर नाही वं," म्हणाल्या. "काढ."

मी काढलं. कॉपी ठेवता आली असती, एका बोटाचं काम. पण त्या स्क्रीनकडे बघत होत्या, आणि त्यांच्यासमोर खोटेपणा करण्याचं धाडस मला नव्हतं. ठेवली असती तर काय झालं असतं, हेही मला सांगता येत नाही. त्यांनी कधी मागितलीच नसती.

फाइल गेल्यावर त्या स्टुलावर बसून राहिल्या. मी चहा टाकला. चहा संपत आल्यावर म्हणाल्या, "गुडघ्याचं सांगायला पाहिजे होतं. एकच तर विचारलं त्यानं."

प्रबंध पूर्ण झाला, मान्यही झाला, दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या तक्रारींसह मान्य केला. मग त्या निवृत्त झाल्या आणि भावाकडे उमरेडला राहायला जायचं ठरलं. भाऊ थकले होते, बघायला माणूस हवं होतं. नागपुरातलं घर भाड्यानं दिलं. त्याच आठवड्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं.

सक्करदऱ्याच्या एका लॉनवर त्या मठाच्या मोठ्या महाराजांचं एक दिवस प्रवचन होतं. फ्लेक्स माझ्याच दुकानात छापले होते, म्हणून मला कळलं की बरोबर तरुण स्वामीही येणार आहेत, आणि त्यांच्यात नर्मदेकाठचेही आहेत. मॅडमना सांगावं की नाही यावर आमच्या घरात भांडण झालं. हे म्हणाले, "कायले सांगतं? जखमेवरची खपली काढतं का?" मी सांगितलं.

"प्रवचन सगळ्यांसाठी असतं," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांमधे बसायला मला कोणी नाही म्हणू शकत नाही."

आम्ही दोघी गेलो. तो मंचावर मागच्या रांगेत होता, भगव्यात, डोकं तुळतुळीत. वाळला होता, पण ताठ बसला होता. मॅडम खांबाआडच्या खुर्चीवर बसल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. महाराज काय बोलले ते मला आठवत नाही. प्रवचन संपल्यावर घोषणा झाली की सर्व स्वामींचं दर्शन घेता येईल, बायकांची रांग डावीकडून.

मी त्यांना उठवलं. रांगेत उभं केलं. रांग भरभर सरकत होती, वाकायचं आणि पुढे जायचं. तो आता मंचाच्या पायरीशी उभा होता आणि हात जोडून प्रत्येकाला मान तुकवत होता. आमच्यापुढे सातआठ बायका उरल्या तेव्हा मॅडम रांगेतून बाजूला झाल्या.

"काय झालं? गुडघा?"

"नाही." त्या हळू बोलत होत्या. "संन्याशाला सगळे वाकतात. बाप आला तर बापही वाकतो. पण आई समोर आली तर संन्याशालाच वाकावं लागतं. तशी रीत आहे. माहीत आहे त्याला."

"मग वाकेल. चांगलंच आहे."

"एवढ्या लोकांसमोर? त्याच्या गुरूंसमोर? बारा वर्षं व्हायची आहेत अजून." त्यांनी माझा हात सोडवला. "आणि नाहीच वाकला तर, सुषमा?"

मागची बाई म्हणाली, "चला ना वं पुढं, लाइन थांबून राहिली." मी पुढे ढकलली गेले. त्याच्यासमोर आले, वाकले. त्यानं मला ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. त्याची नजर माझ्या मागे, पुढच्या बाईवर गेली आणि मग तिच्याही मागे. मी पायरी उतरले.

मॅडम सापडेनात. खुर्च्यांत नाहीत, फाटकाशी नाहीत. शेवटी दिसल्या त्या चपलांच्या टेबलामागे. तिथली स्वयंसेवक मुलगी दर्शनाला पळाली होती आणि जाताना समोर उभ्या असलेल्या या पोक्त बाईंच्या हातात टोकनांचा डबा देऊन गेली होती. मॅडम टोकन घेत होत्या, खणातून जोडी काढत होत्या, देत होत्या. प्रत्येक वेळी गुडघा धरून वाकत होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, ठेवा तो डबा. मी बघते. ते निघतील आता."

माइकवर घोषणा झालीच, स्वामी मंडळी प्रस्थान करत आहेत. सगळं लॉन मागच्या फाटकाकडे धावलं. चपलांशी कोणी उरलं नाही. गाड्यांचा आवाज आला, जयजयकार झाला.

"जा ना," मी म्हटलं. "लांबून तर बघा."

"तू जा," त्या म्हणाल्या. "लोकांच्या चपला आहेत. कोणीतरी थांबायला पाहिजे."

मी गेले. धुळीत काही दिसलं नाही. परत आले तेव्हा सगळी गर्दी एकदम टेबलावर आली होती. मावशी, माझी आधी. अहो बाई, निळी पट्टी. काकू, इकडे, इकडे. टोकन धरलेले इतके हात पुढे आले होते की मला मॅडमचा चेहरा दिसेना. फक्त त्यांचा आवाज येत होता, वर्गातल्यासारखा, "थांबा. एकेकानं. तुमचा नंबर सांगा."